बिघडविण्याची मुभा

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला

कला शाखेच्या महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात संगणकाविषयी लेख पाहून काही वाचकांच्या कपाळावर आठ्या पडतील. कविता, कथा, सहलीचे वर्णन, फार तर हुंड्याच्या चालीवर एखादा विचारप्रवर्तक निबंध, एवढ्यावर आपल्या अंकाची पाने भरतात असा आजवरचा अनुभव आहे. "यंत्राचे काय ते विज्ञानवाल्यांनी पाहावे," असे म्हणून आपण मोकळे होतो. परंतु ज्या यंत्रावाचून आज परीक्षेचा अर्ज भरता येत नाही, शिष्यवृत्ती मिळत नाही आणि निकालही कळत नाही, त्या यंत्राविषयी मत बाळगण्याचा अधिकार कला शाखेच्या विद्यार्थ्याला नाही काय? मला तर ते कर्तव्यच वाटते.

म्हणून एका लहानशा गोष्टीविषयी लिहिते. वाय-फायचे, म्हणजे बिनतारी जाळ्याचे, काम हाताने करून शिकता येईल अशी एक हलकी व्हर्च्युअल मशीनची इमेज आपण आपल्या महाविद्यालयात स्वतः तयार करावी, हे माझे पहिले म्हणणे. ती हलकी असणे ही केवळ सोय नसून न्यायाची बाब आहे, हे दुसरे. पहिले म्हणणे कोणीही मान्य करील. दुसऱ्यासाठी मला थोडी जागा हवी आहे.

प्रथम शब्दांची ओळख करून घेऊ. व्हर्च्युअल मशीन म्हणजे संगणकाच्या पोटात चालणारा दुसरा, आभासी संगणक. वसई-विरारच्या माणसाला हे समजावून सांगण्यास फार कष्ट पडू नयेत. कारण पोटभाडेकरू हा प्रकार आपल्याला जन्मापासून ठाऊक आहे. घर एकाचे असते, त्यातली एक खोली दुसऱ्याला दिलेली असते. त्या खोलीत त्याची चूल वेगळी, भांडी वेगळी, देवही वेगळे. पाणी आणि वीज मात्र घरमालकाकडून. आभासी यंत्राचेही तसेच. त्याची प्रणाली वेगळी, फाईली वेगळ्या. स्मृती आणि प्रक्रियाशक्ती तेवढी मूळ संगणकाकडून उसनी घेतलेली. या बिऱ्हाडाचे सारे सामान ज्या एका फाईलीत बांधून ठेवलेले असते, तिला इमेज म्हणतात. ती फाईल पेनड्राइव्हवर घालून दुसऱ्या संगणकावर नेली, की तेच बिऱ्हाड तिथे जसेच्या तसे थाटता येते.

ही कल्पना नवी नाही. आयबीएम कंपनीने 1972 साली आपल्या मोठ्या संगणकांसाठी 'व्हीएम/370' ही प्रणाली जाहीर केली, तेव्हा एकाच अवाढव्य यंत्रावर अनेकांना आपापला स्वतंत्र संगणक असल्याचा अनुभव देणे हाच तिचा हेतू होता. यंत्र महाग होते, म्हणून ते वाटून घ्यावे लागे. पुढे यंत्रे स्वस्त झाली आणि ही विद्या काही काळ मागे पडली. 2005-06 च्या सुमारास इंटेल आणि एएमडी यांनी साध्या संगणकांच्या प्रोसेसरमध्येच तिला आधार दिला, 2007 साली लिनक्सच्या गाभ्यात 'केव्हीएम' दाखल झाले, आणि मोठ्या संस्थांची ही चैन सामान्य माणसाच्या टेबलावर आली. आता प्रश्न असा की, सामान्य माणसाने तिचे करायचे काय?

माझे उत्तर असे: बिनधास्त बिघडवायचे.

ज्यांच्या घरात कॉलेजची पायरी चढणारे पहिलेच माणूस आपण आहोत, त्यांना मी काय म्हणते ते लगेच उमजेल. माझे बाबा वालीवच्या एका गाळ्यात कामाला आहेत. माझ्या बारावीनंतर आमच्या घरी जुन्या बाजारातला एक लॅपटॉप आला. चार जीबी रॅमचा, बॅटरी नावापुरती. तो घरातला एकमेव संगणक. त्याच्यावर माझे अर्ज भरले जातात, धाकट्या भावाचा अभ्यास होतो, आणि शेजारच्या काकूंचे आधारकार्डही त्याच्यावरूनच छापायला पाठविले जाते. अशा घरात मुलाने संगणकाची एखादी नवी कळ दाबली, की स्वयंपाकघरातून आवाज येतो, "हात लावू नकोस, बिघडेल!" हा आवाज रागाचा नसतो, हिशेबाचा असतो. बिघडले तर दुरुस्तीचे पैसे कोठून आणायचे, हा तो हिशेब. ज्यांच्या घरी तीन-तीन संगणक असतात त्यांची मुले एखादा मोडून शिकतात. आमच्याकडे मोडणे परवडत नाही, म्हणून शिकणे राहून जाते. शिक्षणातील विषमता पुस्तकांच्या किमतीत असते असे आपण म्हणतो. मला वाटते, ती त्याहून अधिक चुकण्याच्या किमतीत असते.

आभासी यंत्र ही किंमत जवळपास शून्यावर आणते. इमेजची एक प्रत आधी बाजूला ठेवायची, किंवा 'स्नॅपशॉट' घ्यायचा, आणि मग आत वाटेल ते करायचे. सारे पुसून टाका, चुकीची आज्ञा द्या, जाळे तोडा. मूळ संगणकातील शिष्यवृत्तीचा अर्ज आणि भावाचे धडे जागच्या जागी राहतात. मोडलेले बिऱ्हाड टाकून प्रत उघडली, की पुन्हा नवी कोरी खोली तयार. आईच्या हिशेबाला धक्का न लावता मुलीला बिघडविण्याची मुभा मिळते, ती अशी.

आता बिनतारी जाळ्याचाच आग्रह कशाला? एक तर, आपल्यापैकी बहुतेकांचे सारे इंटरनेट हवेतूनच येते. कोणाचे फोनच्या हॉटस्पॉटमधून, कोणाचे केबलवाल्याने जिन्यात बसविलेल्या राउटरमधून. ते बंद पडले की आपण केबलवाल्याला फोन करतो आणि तो येईपर्यंत हात जोडून बसतो. दुसरे असे की, राउटर बसविणे, त्याची पल्ल्याची जागा ठरविणे, त्याचा सांकेतिक शब्द सुरक्षित ठेवणे ही कामे करणाऱ्या माणसांची आपल्या भागातील प्रत्येक नव्या इमारतीला गरज आहे. पदवीधर कला शाखेचा असला तर ही कामे त्याला वर्ज्य आहेत, असे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे?

परंतु येथेच एक अडचण उभी राहते. पोटभाडेकरूला पाणी मिळते ते घरमालकाच्या नळातून. विहीर त्याला दिसतच नाही. मूळ संगणक वाय-फायने जोडलेला असला, तरी आभासी यंत्राला त्याची खबर नसते. त्याला दाखविले जाते ते तारेचे एक नकली कार्ड. व्हर्च्युअलबॉक्समध्ये ती बहुधा इंटेलच्या जुन्या 'प्रो/1000' कार्डाची नक्कल असते. बातम्या वाचायला एवढे पुरते. पण आसपासची जाळी शोधणे, एखाद्या जाळ्याशी जोडले जाणे, भिंतीआड गेल्यावर लहर कशी क्षीण होते ते मोजणे, स्वतःचे लहानसे जाळे उभारणे, यांपैकी काहीही त्या नकली तारेवर करता येत नाही.

मग खरे कार्डच पोटभाडेकरूच्या हवाली करावे लागते. याचे दोन मार्ग आहेत. संगणकाच्या आत बसविलेले कार्ड द्यायचे, तर त्यासाठी 'आयओएमएमयू' नावाची सोय यंत्रात असावी लागते, आणि स्वस्त जुन्या यंत्रांत ती अनेकदा नसते. दुसरा मार्ग गरिबाघरचा: यूएसबीला लावायचा वाय-फाय डोंगल. लॅमिंग्टन रोडवर तो काही शे रुपयांत मिळतो. तो एकदा आभासी यंत्राच्या स्वाधीन केला की मूळ संगणकाने त्याच्यावरचा हक्क सोडायचा; एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. मूळ संगणक फोनच्या तारेवर किंवा आपल्या आतल्या कार्डावर चालतो, आणि डोंगल पोरांच्या प्रयोगाला मोकळा राहतो.

हे केवळ विद्यार्थ्यांचे खेळणे आहे असे कोणी समजू नये. फ्रीबीएसडी ही लिनक्सहून वेगळ्या कुळातील एक मुक्त प्रणाली आहे. तिच्याकडे पुष्कळ नव्या वाय-फाय कार्डांसाठी चांगले ड्रायव्हर नव्हते, लिनक्सकडे होते. तेव्हा 'वायफायबॉक्स' नावाच्या प्रकल्पाने काय केले? फ्रीबीएसडीच्या पोटात आल्पाइन लिनक्सचे एक चिमुकले आभासी यंत्र बसविले, कार्ड त्याच्या हवाली केले, आणि त्याच्याकडून आलेले जाळे मूळ प्रणालीला पुरविले. म्हणजे येथे पोटभाडेकरूच विहिरीवरून पाणी आणतो आणि घरमालकाला देतो! एवढ्या एका कामासाठी ठेवलेले यंत्र जड असून कसे चालेल? म्हणून त्याची इमेज मुद्दाम बारीक ठेवलेली असते. आपल्या गरजेचे मूळही हेच आहे.

आता वजनाकडे वळू. वाय-फाय कार्ड चालण्यास तीन गोष्टी लागतात. पहिली, प्रणालीच्या गाभ्यातला त्या कार्डाचा ड्रायव्हर. दुसरी, फर्मवेअर, म्हणजे कार्डाच्या स्वतःच्या छोट्या मेंदूत भरायचा मजकूर. तिसरी, दारावर सांकेतिक शब्दाची देवाणघेवाण करणारा द्वारपाल. लिनक्समध्ये ते काम बहुधा 'डब्ल्यूपीए सप्लिकंट' करतो. या तीन गोष्टींना प्रत्यक्षात किती जागा लागते? एका कार्डापुरते पाहिले तर फारच थोडी. उदाहरणार्थ, एआर 9271 ही चिप असलेल्या डोंगलचे फर्मवेअर शंभर केबीहूनही लहान आहे. शिवाय ते 2013 साली खुले झाले, त्यामुळे त्यात काय आहे हे पाहण्याचीही सोय आहे. परंतु जगातील यच्चयावत उपकरणांचे फर्मवेअर एकत्र असलेला गठ्ठा घेतला, तर तो शेकडो एमबींचा होतो. आपल्याला हवी असते चिमूटभर हळद, आणि आपण घरी आणतो पोते.

तयार मिळणाऱ्या मोठ्या प्रणालींचे असेच आहे. उबुंटूच्या 24.04 या आवृत्तीची डेस्कटॉप फाईल साडेपाच जीबीहून मोठी आहे. आपल्यापैकी अनेकांच्या फोनला दिवसाला दीड किंवा दोन जीबीचा पॅक असतो. म्हणजे ही एक फाईल उतरविण्यासाठी तीन-चार दिवस घरातील कोणी दुसरे काही पाहायचे नाही. आणि मध्येच जाळे तुटले तर पुन्हा श्रीगणेशा! उतरवून झाली तरी चार जीबी रॅमच्या यंत्रात ती पोटभाडेकरू म्हणून शिरली, की घरमालकालाच बाहेर निजावे लागते. ज्याच्याजवळ वेगवान यंत्र आणि अमर्याद जाळे आहे, त्याला पाच जीबी आणि शंभर एमबी यांत फरक जाणवणार नाही. ज्याच्याजवळ ते नाही, त्याच्या दृष्टीने हा फरक शिकता येणे आणि न येणे यांतला आहे. इमेजचा आकार ही न्यायाची बाब आहे असे मी म्हणते, ते याच अर्थाने. जड इमेज बनविणारा कोणाला नाही म्हणत नाही. पण त्याच्या दाराची चौकटच अशी उंच असते, की आखूड हातांना कडी सापडत नाही.

मग हलकी इमेज बनते कशी? गेल्या दिवाळीच्या सुटीत आम्ही चौघांनी ती बनवून पाहिली, म्हणून थोडे अनुभवाने सांगते. पाया म्हणून आल्पाइन लिनक्स घेतले. आभासी यंत्रांसाठी असलेली त्याची फाईल शंभर एमबीच्याही आत असते. कारण शेकडो लहान आज्ञा 'बिझीबॉक्स' या एकाच कार्यक्रमात गुंडाळलेल्या असतात आणि पायाभूत ग्रंथालयही 'मसल' नावाचे, बेताच्या आकाराचे आहे. पण येथे एक खाच आहे, आणि माझ्या मते साऱ्या विषयाचे मर्म तिच्यातच आहे. आभासी यंत्रासाठी म्हणून जो गाभा मुद्दाम छाटलेला असतो, त्यात खऱ्या वाय-फाय कार्डांचे ड्रायव्हर बहुधा ठेवलेलेच नसतात. छाटणाऱ्याचा तर्क बरोबर होता: आभासी यंत्राला खरे कार्ड दिसतच नाही, मग ड्रायव्हर कशाला? आपले प्रयोजन मात्र वेगळे. त्यामुळे आम्ही सर्वसाधारण गाभा घेतला आणि त्याच्यासोबत येणारा फर्मवेअरचा सारा गठ्ठा न घेता आपल्या डोंगलपुरती एक पुडी घेतली. आल्पाइनमध्ये अशा पुड्या सुट्या मिळतात. सोबत द्वारपाल, जाळी पाहण्याचे 'आयडब्ल्यू', आणि स्वतःचे जाळे उभारण्यासाठी 'होस्टएपीडी'. चित्रमय पडदा नाही, गाणी नाहीत, खेळ नाहीत. सारे दाबून बसविल्यावर फाईल दोनशे एमबीच्या आत आली, आणि 256 एमबी रॅमवर मुकाट्याने चालू लागली.

आगाशीच्या बाजूची सुकेळी आपल्याला परिचित आहेत. राजेळी केळ्यातले पाणी उन्हाने जाते. गोडी राहते, किंबहुना वाढते, आणि ती टिकतात. मात्र काय जाऊ द्यायचे आणि काय राखायचे हे सुकविणाऱ्याला कळावे लागते. अधिक उन्हे दिली तर हाती चिवट साल उरते. इमेजचेही तसेच आहे. ती हलकी असावी, रिती नसावी. जागा वाचविण्याच्या नादात ज्या वाय-फायसाठी हा खटाटोप, तेच वगळले गेले, तर ती काटकसर कसली?

काय राखायचे याची माझी यादी लहान आहे, पण तिच्यात तडजोड नको. एक, सुरक्षा. ऑक्टोबर 2017 मध्ये बेल्जियममधील ल्यूव्हेन विद्यापीठाचे संशोधक माथी व्हानहूफ यांनी 'क्रॅक' हा दोष जगापुढे मांडला. तेव्हा सर्वत्र सुरक्षित मानल्या गेलेल्या डब्ल्यूपीए2 या व्यवस्थेतच भगदाड असल्याचे दिसले आणि द्वारपालाच्या आवृत्त्या घाईघाईने दुरुस्त कराव्या लागल्या. म्हणून इमेजमधला द्वारपाल ताजा असला पाहिजे. दोन, देशाचा संकेत. हवा सर्वांची असली तरी तिला कायदा आहे. आपल्याकडे जानेवारी 2005 मध्ये 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा घरात आणि घराबाहेर परवान्यावाचून वापरण्यास खुला झाला. 5 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील मोठा भाग 2018 मध्ये खुला झाला. कोणत्या वाहिनीवर किती शक्तीने बोलावे हे इमेजला देशाच्या संकेतावरून कळते. भारताचा संकेत तिच्यात आधीपासून घातलेला हवा. तीन, मराठीतले साहाय्य. केवळ काही केबींचा हा मजकूर. पण तो नसेल, तर आमच्यासारख्यांच्या दृष्टीने उरलेले दोनशे एमबी मुकेच.

आणि ज्याच्याजवळ डोंगलही नाही त्याने काय करावे? त्याचीही सोय लिनक्सने करून ठेवली आहे. 'मॅक 80211 एचडब्ल्यूसिम' नावाचा एक भाग गाभ्यात असतो. तो चालू केला की कोणतेही उपकरण नसताना यंत्रात दोन किंवा अधिक लटके रेडिओ उभे राहतात. एका रेडिओला राउटर करायचे, दुसऱ्याला ग्राहक, आणि दोघांची भेट घडवून आणायची. हवा नाही, अँटेना नाही, तरी सांकेतिक शब्दाची देवाणघेवाण अगदी खरी. नाटकाच्या तालमीला रंगमंच लागत नाही, वर्गातले बाक सरकवून भागते, तसेच हे. भिंतीआड लहर क्षीण होते म्हणजे काय ते येथे कळणार नाही, हे खरे. पण जोडणीचे व्याकरण पुरते शिकता येईल. आपल्या इमेजमध्ये हा भाग असलाच पाहिजे, कारण तो पूर्णपणे फुकट आहे.

येथवर वाचून कोणी म्हणेल की हे सारे फार दूरचे आहे. मला तसे वाटत नाही. आपला पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी स्वतंत्र झाला. याच जिल्ह्यातील खामलोली आणि आसपासच्या गावांत आयआयटी मुंबईच्या 'ग्राममार्ग' प्रकल्पाने, प्रा. अभय करंदीकर यांच्या पुढाकाराने, दूरदर्शनच्या पट्ट्यातील न वापरलेल्या वाहिन्यांवरून इंटरनेट पोहोचविण्याचा प्रयोग केला. या लहरी वाय-फायपेक्षा लांब जातात आणि झाडाझुडपांतून अधिक सहज वाट काढतात. 2017 साली मोझिला संस्थेच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत या प्रकल्पाला पहिले पारितोषिक मिळाले. विरारहून डहाणूची गाडी धरली तर तासाभरात पालघर येते. तेथून पुढे ही गावे. जगात नावाजलेला बिनतारी प्रयोग आपल्या दाराशी होतो आणि आपल्या अंकात त्याच्याविषयी एक ओळ येत नाही, याची मला खंत वाटते. आणि एक प्रश्नही पडतो. गावातल्या मनोऱ्यावरचे उपकरण पावसाळ्यात मुके झाले, तर त्याला बोलते कोण करणार? दर खेपेला पवईहून अभियंता बोलवायचा काय? जिथे तार परवडत नाही तिथे हवा परवडते. पण हवेची भाषा जाणणारी माणसे त्याच गावात असावी लागतात. ती माणसे आपल्याच महाविद्यालयांतून तयार व्हायची आहेत.

शिकण्याची साधनेही अगदीच नाहीत असे नाही. आयआयटी मुंबईच्याच 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात लिनक्सचे पाठ मराठी निवेदनासह उपलब्ध आहेत. केरळने आपल्या सरकारी शाळांसाठी स्वतःची लिनक्स प्रणाली तयार करून ती हजारो शाळांत चालविली. आपल्याला एवढा मोठा संसार मांडायचा नाही. आपली उडी एका दोनशे एमबीच्या फाईलीपुरती आहे.

आता आक्षेपांचा विचार करू.

पहिला आक्षेप: तयार इमेज बाजारात आणि जाळ्यावर पुष्कळ मिळतात, आपण का बनवायची? मिळतात, हे खरे. परंतु तयार इमेज म्हणजे शिजलेले अन्न. त्यात काय घातले ते सांगता येत नाही, आणि शिळे झाले की टाकावे लागते. आपण बनवायची ती इमेज नव्हे, तर कृती: कोणते भाग, कोणत्या क्रमाने, कशासाठी, हे सांगणारी एक लहानशी लिखित आज्ञावली. उद्या 'क्रॅक'सारखा नवा दोष सापडला, की ती कृती पुन्हा चालवायची. काही मिनिटांत ताजी इमेज हाती. कृती उघड असण्याचे सामर्थ्य किती असते हे ओपनडब्ल्यूआरटीच्या इतिहासावरून दिसते. लिंकसिस कंपनीच्या डब्ल्यूआरटी54जी या घरगुती राउटरमध्ये लिनक्स असल्याचे उघड झाल्यावर, परवान्याच्या अटीमुळे 2003 साली कंपनीला त्याची संहिता खुली करावी लागली. आणि 2004 पासून तिच्या आधारे जगभरच्या स्वयंसेवकांनी राउटरसाठी स्वतंत्र प्रणाली उभी केली. त्या राउटरची साठवण अवघी चार एमबी आणि रॅम सोळा एमबी होती. तेवढ्या जागेत संसार करण्याची सवय लागल्यामुळेच आजही ओपनडब्ल्यूआरटीची साध्या संगणकासाठी असलेली संकुचित फाईल काही थोड्या एमबींतच बसते.

दुसरा आक्षेप: जुन्या यंत्रांचा लोभ कशाला? नवी घ्यावी. या आक्षेपात तथ्य आहे. जुनी यंत्रे वीज अधिक खातात, आणि 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चा नियमित आधार संपल्यानंतर त्यांपैकी पुष्कळ यंत्रे मूळ प्रणालीसह वापरणे धोक्याचे झाले आहे. विंडोज 11 ला लागणारी टीपीएम 2.0 ही सोय त्यांच्यात नसते. परंतु याचा निष्कर्ष ती भंगारात घालावीत असाच निघतो काय? त्यांच्यावर हलकी लिनक्स प्रणाली घालून, आत आपली इमेज चालविली, तर अर्ज भरण्याला नव्हे पण शिकण्याला ती अजून काही वर्षे पुरतील. नवी यंत्रे आली तर आनंदच आहे. ती येईपर्यंत दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी तिसऱ्यात जातात आणि तिसऱ्याचे निघून जातात.

तिसरा आक्षेप सर्वांत जुना: हे कला शाखेचे काम नव्हे. मला वाटते, याचे उत्तर या लेखातच आलेले आहे. हलकी इमेज बनविण्यात गणित फार थोडे आहे. विवेक फार आहे. काय ठेवायचे, काय गाळायचे, कोणासाठी आणि का, हे ठरविणे म्हणजेच संपादन, आणि संपादन ही तर आपली विद्या! संक्षेपलेखनाच्या प्रश्नात आपण हजार शब्दांचा उतारा एक-तृतीयांश करतो आणि अर्थ निसटू देत नाही. त्याहून हे निराळे ते काय? शिवाय 'फर्मवेअर' म्हणजे काय हे गावाकडून आलेल्या मुलाला त्याच्या भाषेत सांगणारे पान लिहायचे, तर ते भाषेच्या विद्यार्थ्यानेच लिहावे लागेल. विज्ञानवाले यंत्र चालवतील. त्याला बोलते करणारे आपण.

यावर काय करता येईल ते थोडक्यात मांडते. आमच्या चौघांजवळची कृती मी ग्रंथालयात ठेवण्यास देणार आहे. ग्रंथपालांनी तिच्यापासून बनविलेली इमेज चार-पाच पेनड्राइव्हवर घालून, ग्रंथाप्रमाणेच आठवड्याच्या बोलीवर द्यावी. म्हणजे कोणाच्या डेटा पॅकला हात लागणार नाही. सोबत दोन डोंगल असावेत. फाईल वाटेत बदललेली नाही याची खूण म्हणून तिची तपासणी-संख्या फलकावर लिहावी. प्राध्यापकांपैकी कोणी दर सत्राला एकदा ती कृती पुन्हा चालवून ताजी इमेज करवून घ्यावी. आणि पुढच्या वर्षी येणाऱ्या विद्यार्थ्यांनी मराठी साहाय्याचे पान सुधारावे. ते कधीच पूर्ण होणार नाही, आणि होऊही नये. एवढ्याला खर्च येईल तो एका स्नेहसंमेलनातील हारतुऱ्यांपेक्षाही कमी.

मित्रमैत्रिणींनो, आपल्यातील अनेकजण आपापल्या घराचे पहिले पदवीधर होणार आहेत. आपल्या आईवडिलांनी आपल्याला शिकविताना पोटाला चिमटा काढला. त्यांना चूक करण्याची चैन कधी परवडली नाही, म्हणून ते आपल्यालाही "हात लावू नकोस" म्हणत आले. त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. पण जे यंत्र पुसले तरी पुन्हा उभे राहते, त्याच्यापुढे तरी आपण हात आखडून बसू नये. ज्याला मोडता येते त्यालाच जोडता येते. ही मुभा काही थोड्या जणांच्या घरी जन्मजात असते. दोनशे एमबीत ती सर्वांना देता येत असेल, तर न देण्याला आपल्याजवळ कोणतेही कारण उरत नाही.